कर्ज कुणाच्या सहीने? नाशिकच्या नाराजीची पार्श्वभूमी

मार्च 2025 मध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा वर्षअखेर राज्यावरचे कर्ज 9.32 लाख कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता. नाशिकमध्ये बाजार समितीच्या आवारापासून सातपूरच्या कारखान्यांपर्यंत हा आकडा बोलण्यात आला तो एका वेगळ्याच कारणाने. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारमधल्या एका वजनदार मंत्र्याने शेतकऱ्यांना सांगितले, की कर्जमाफी आत्ता शक्य नाही, 31 तारखेच्या आत पीककर्ज भरा. सातबारा कोरा करण्याचे आश्वासन देऊन जेमतेम चार महिने झाले होते.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला कर्ज म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात रकमेसह चढतो आणि जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तोच रकाना वाचते. सरकारच्या कर्जाला असा रकाना नाही, ही इथल्या चिडीची मुळातली तक्रार आहे.

नियम नाहीत असे नाही. केंद्राने 2003 मध्ये वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, राज्याने 2005 मध्ये. वित्तीय तूट जीडीपीच्या तीन टक्क्यांवर आणायचे केंद्राचे उद्दिष्ट 2008 च्या मंदीत बाजूला पडले, करोनात पुन्हा पडले. आता केंद्र तुटीपेक्षा एकूण कर्जाची भाषा बोलते: मार्च 2031 पर्यंत ते जीडीपीच्या 50 टक्क्यांच्या आसपास आणायचे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 50.65 लाख कोटींच्या खर्चापैकी 12.76 लाख कोटी नुसत्या व्याजाचे होते. उद्दिष्ट चुकले तर मंत्र्याने सभागृहात निवेदन करायचे, बस्स. राज्याचे म्हणाल तर 9.32 लाख कोटी हे राज्य उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आतच भरतात, म्हणून दरवर्षी ठरलेले उत्तर मिळते की कर्ज मर्यादेत आहे.

हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. कारण त्या आकड्यात सरकारने हमी दिलेली, म्हणजे महामंडळाला फेडता आली नाहीत तर सरकारने भरायची कर्जे येत नाहीत, आणि हमीचा मामला निदान 1996 पासूनचा आहे. कृष्णा नदीच्या पाण्याचा राज्याराज्यांतला तंटा सोडवणाऱ्या लवादाने वाटून दिलेले पाणी 2000 सालापर्यंत अडवायचे होते, तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. मग सिंचनासाठी स्वतंत्र महामंडळ काढले गेले, त्याच्या नावाने रोखे, म्हणजे व्याजाने पैसे उभे करायची कर्जपत्रे, विकले गेले आणि मागे राज्याची हमी उभी राहिली. पुढे तापी, गोदावरी अशा खोऱ्यांचीही महामंडळे आली. रस्त्यांसाठीही 1996 मध्येच महामंडळ झाले. फरक एवढाच, की रस्त्यावर टोल मिळतो. पाणीपट्टीतून रोख्यांचे व्याजही सुटणे अवघड होते. हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. शेवटी परतफेड अर्थसंकल्पातूनच करावी लागली. कर्ज काढताना विधिमंडळात त्याची जेमतेम चर्चा, फेडताना मात्र करदात्याचा खिसा, हा शिरस्ता तिथून पडला.

समृद्धी महामार्गाच्या उभारणीतही महामंडळाच्या नावावरची कर्जे आहेत. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. रस्ता उत्तम आहे, सिन्नर-इगतपुरीच्या गावांतून जमिनी गेल्या त्याचा मोबदलाही अनेकांना चांगला मिळाला. पण त्या कर्जाचा आकडा किती नाशिककरांना सांगता येईल? अशी अर्थसंकल्पाबाहेरची कर्जे राज्यांच्या कर्जमर्यादेत धरू, असे केंद्राने 2022 मध्ये ठरवले. केरळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2024 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. राज्यांना शिस्त लावणाऱ्या केंद्राने स्वतः धान्य खरेदीची उधारी वर्षानुवर्षे दुसऱ्या खात्यावर ठेवली होती आणि ती 2021 च्या अर्थसंकल्पात हिशेबात आणली, हेही इथे सांगायला हवे.

नाशिकचा स्वतःचा इतिहास याहून बरा होता. 1999 मध्ये इथल्या महापालिकेने पाणी आणि मलनिस्सारणासाठी 100 कोटींचे रोखे 14.75 टक्के व्याजाने काढले, राज्याच्या हमीशिवाय. तारण होती जकात: वसुलीतला ठरलेला पैसा आधी परतफेडीच्या वेगळ्या खात्यात जायचा. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, त्यातून हप्ता जायचा. नाक्यावरची चिरीमिरी आणि रांगा यांचे गोडवे कुणी गाणार नाही. पण कर्ज कशातून फिटणार हे सांगता येत होते. 2013 मध्ये जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही दोन वर्षांत बहुतेकांपुरता उठला, आणि 2017 च्या जीएसटीनंतर महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली.

2018 मध्ये तत्कालीन आयुक्तांनी घरपट्टी ज्यावर आकारतात ते वर्षानुवर्षे न हललेले मूल्य एका आदेशाने वाढवले, तेव्हा हद्दीतल्या शेतीपर्यंत झळ पोचली. शेतकरी आणि रहिवासी एकत्र आले, सभागृहाने विरोधाचा ठराव केला, अविश्वासाचा प्रस्ताव आला आणि मुंबईच्या निरोपानंतर मागे घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली. दरवाढ अवाजवी होती, मात्र उत्पन्न आणायचे कुठून, हा आयुक्तांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नगरसेवकांनी त्याचे उत्तर तेव्हा दिले नाही, प्रचारात तर कुणी विषयही काढत नाही.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक लांबत गेली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची राजवट राहिली. याच काळात 2027 च्या सिंहस्थाची कामे आखली गेली, कुंभासाठी वेगळे प्राधिकरण आले, आणि 2025 मध्ये गोदावरी स्वच्छतेसाठी 200 कोटींचे रोखे बाजारात गेले. कुंभात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडे तोडायची ठरली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले; रोख्यांसाठी कुणी उतरले नाही. झाड दिसते, व्याज दिसत नाही. लोकसभेच्या 2024 च्या निवडणुकीतही निर्यातबंदीचा राग दिंडोरी आणि नाशिक दोन्हीकडे मतपेटीत उतरला, कारण कांद्याचा पडलेला भाव लासलगावच्या लिलावात कानांनी ऐकू येत होता.

जानेवारी 2026 मध्ये मतदान होऊन महापालिकेला पुन्हा 122 नगरसेवक मिळाले. रोखे निघाले तेव्हा सभागृह नव्हतेच. त्यांचे हप्ते ज्या अंदाजपत्रकातून जायचे, ते मंजूर करायचे काम आता या सभागृहाकडे आले आहे.