नव्या करारातली सत्तावीस पुस्तके कशी ठरली

इ. स. 325च्या निकाया इथल्या बिशपांच्या (ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या) परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बायबलमधली पुस्तके ठरवली, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. त्या परिषदेच्या नियमांत अशी यादीच नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलमधल्या येशू आणि त्याच्या पहिल्या अनुयायांविषयीच्या भागाची, यादी आकाराला आली ती मंडळ्यांच्या (स्थानिक ख्रिस्ती समुदायांच्या) उपासनेत काय वाचायचे, या रोजच्या प्रश्नातून.

सुरुवातीचा धर्मप्रचारक पौल याची पत्रे सर्वांत जुनी, साधारण इ. स. 50 ते 60च्या दरम्यानची. चार शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) बहुधा त्यानंतरची. नेमकी यादी पहिल्यांदा मांडली ती पुढे पाखंडी ठरलेल्या मार्सियनने : काटछाट केलेले लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे. जुना करार, म्हणजे ज्यूंचे धर्मग्रंथ, त्याने सरळ नाकारला. 144च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले, पण कोणती पुस्तके मानायची हा प्रश्न उरलाच. 180च्या सुमारास लियॉनचा बिशप इरेनियस शुभवर्तमाने चारच, असे ठासून सांगू लागला.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीची रोसस गावची गोष्ट फार बोलकी आहे. तिथल्या मंडळीत ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचण्यावरून वाद झाला. अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने आधी खुशाल वाचा म्हणून सांगितले. मग पुस्तक स्वतः वाचून पाहिले, त्यातली शिकवण खटकली आणि परवानगी मागे घेतली. येशूचा शिष्य पेत्र याचे नाव असूनही पुस्तक टिकले नाही.

303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहरातल्या झडतीची सरकारी नोंद उपलब्ध आहे. अधिकारी वाचकांच्या, म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या सेवकांच्या, घरोघरी फिरले. एकाने पाच ग्रंथ काढून दिले, दुसऱ्याने आठ, एकाच्या बायकोने सहा. काय दिले तर चालेल आणि कशासाठी जीव द्यायचा, हे तेव्हा खरोखर ठरवावे लागले असणार.

आजची सत्तावीस पुस्तके नेमकी सापडतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367च्या पत्रात. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (393) आणि कार्थेज (397) इथल्या बिशपांच्या सभांनीही तीच यादी मानली. पण सगळीकडे एकमत नव्हते. चौथ्या शतकातल्या बायबलच्या सिनाई हस्तलिखितात ‘बर्णबाचे पत्र’ आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ ही पुस्तकेही आहेत. सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतल्या पेशित्ता बायबलाच्या नव्या करारात मुळात बावीसच पुस्तके होती. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण त्यात नव्हते. ती पाच सिरियाकमध्ये आली सहाव्या शतकात, आणि पूर्वेकडच्या मंडळीने तेव्हाही ती स्वीकारली नाहीत.