आठ मीटर वरून पाणी

नाशिकहून निफाडमार्गे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. बांधावर उभं राहून दुर्बीण लावली. समोर पाणकणसाचं उंच गवत, त्यामागे पाऱ्यासारखं चकाकणारं पाणी आणि त्यात काळे ठिपके. बदक की वारकरी पक्षी, काही कळेना. "सर, खाली वेळ घालवू नका, मनोऱ्यावर चला," चापडगावचा गाईड म्हणाला. वर गेलो. अंतर जवळजवळ तेच, दुर्बीण तीच, पण ठिपक्यांना चोची फुटल्या.

उंचावरून लांबचं दिसतं, हे आपलं शाळेतलं उत्तर. ते खोटं नाही. डोळे जमिनीपासून १.६ मीटरवर असतील तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. ८ मीटरवर गेले की दहा किलोमीटरवर. पण दहा किलोमीटरवरचं बदक ओळखणार कोण? पाणथळीत मनोरा कामाला येतो तो कोनामुळे.

पाण्याचा पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो, हे आपली नजर त्याला किती तिरकी भिडते यावर ठरतं. बांधावरून शंभर मीटर लांबच्या संथ पाण्याकडे पाहिलं की नजर पृष्ठभागाला जेमतेम एक अंशाचा कोन करते. एवढ्या तिरकस कोनात पाणी जवळजवळ आरसाच असतं. पडलेल्या उजेडातला सुमारे ९० टक्के उजेड परावर्तित होतो. म्हणजे आपण पाणी बघतच नसतो, आभाळ बघत असतो. तेच डोळे ८ मीटरवर नेले तर शंभर मीटरवरचा कोन साडेचार अंशांच्या आसपास जातो आणि परावर्तन ६० टक्क्यांवर येतं. मनोऱ्यापासून तीस मीटरवरच्या पाण्यात तर ते २० टक्के उरतं. म्हणून पायथ्याजवळच्या उथळ पाण्यातलं शेवाळ वरून दिसतं आणि खालून दिसत नाही. वारा सुटून लाटा उठल्या की हे आकडे बदलतात, म्हणून सकाळची निवांत वेळ बरी.

दुसरी अडचण पाणकणसाची. पुरुषभर उंच, दोन मीटरची रांग समोर असली की बांधावरच्या माणसाचा खेळ खलास. आठ मीटरवरून मात्र वीस मीटर लांबच्या त्याच रांगेआड फक्त सहा-सात मीटरचा पट्टा लपतो. नेमक्या त्या पट्ट्याच्या पलीकडे आम्हाला हळदीकुंकू बदकांची जोडी दिसली, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू घेऊन. पक्ष्याला असं नाव ठेवणाऱ्या माणसाने तो नक्कीच जवळून पाहिला असणार.

ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा तापते, तिचे थर थरथरतात आणि दुर्बिणीतलं चित्र वितळल्यासारखं हलू लागतं. वरून जाणारी नजर या तापलेल्या थरातून कमी अंतर कापते. फायदा आहे, पण जादू नव्हे. दहानंतर आमचे शेकाट्ये पक्षी वरूनही थरथरताना दिसायला लागले.

समुद्राकाठच्या पाणथळीत मनोऱ्यावर कधी चढायचं हे चंद्र ठरवतो. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा ओहोटी येते, चिखल उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो) चरायला उतरतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर भरती-ओहोटी कुठली? इथली पाणथळ माणसाने घडवलेली आहे, तीही जवळजवळ अनवधानाने. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला, बेटं आणि उथळ डबकी तयार झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. त्यामुळे इथला चंद्र म्हणजे पाटबंधारे खात्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी येतं, इथून कालव्यांना जातं. पातळी उतरली की चिखल उघडतो.

"परवापासून पाणी खाली गेलंय, आता चमचे इकडे येतील बघा," गाईड म्हणाला. चमचा पक्ष्याला गुडघाभर पाणी पुरतं; तो उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि आत काही लागलं की मिटतो. थापट्या बदकाला मात्र तरंगायला पाणी हवं. मनोऱ्यावरून हे पट्टे नकाशासारखे वेगळे दिसतात: काठावर शेकाट्ये, मग चमचे, आत बदकं.

तेवढ्यात आमच्यातल्या एकाने मोबाईल उंचावून कठड्याबाहेर हात काढला. बदकांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळपास चहूकडचं दिसतं. आभाळाच्या पार्श्वभूमीवर हललेला हात तर लगेच. अख्खा थवा उठला. गाईड काही बोलला नाही, फक्त आम्हाला मागे, छपराच्या सावलीत सरकायला लावलं. पंधरा-वीस मिनिटांनी बदकं परत उतरली, पण कणसाच्या पलीकडे.