मातीच्या धरणाची गळती: पाणी नितळ येतंय की गढूळ, ते बघा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून जास्त माणसं गेली. मातीचं धरण, वय जेमतेम वीस वर्षांचं. गळती आहे म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, थोडी डागडुजीही झाली होती. नंतर सगळी चर्चा खेकड्यांवर गेली, कारण तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनीच खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं, आणि त्या गदारोळात मातीचं धरण फुटायच्या आधी काय काय दाखवतं आणि ते कोणी बघायचं हे गावोगावी पोचायला हवं होतं ते राहूनच गेलं.

पहिली गोष्ट, मातीचं धरण पाणी पूर्ण अडवत नाही, ते गळतंच. प्रत्येक मातीच्या भरावातनं पाणी झिरपतं आणि ते झिरपणार हे धरूनच धरण बांधलेलं असतं. मधे काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याला साइटवर हार्टिंग म्हणतात, तो जमिनीखाली चर खणून कठीण थरापर्यंत नेलेला असतो. दोन्ही बाजूला मुरमाड मातीचं केसिंग, पाण्याकडच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडाचं पिचिंग, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याला दगडगोट्यांचा रॉक टो. पाझर तलावाचं तर कामच पाणी जिरवणं आहे, १९७२ च्या दुष्काळात हाताला काम म्हणून असे कितीतरी तलाव झाले, पण पाणी जिरायचं ते तळातनं, भिंतीतनं नाही.

गाभा आणि केसिंगच्या मधे वाळूचा एक फिल्टर घालतात आणि माझ्या मते सगळ्या धरणात सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच, कारण वाळूचे कण असे निवडलेले असतात की पाणी पार जातं पण गाभ्याची माती अडकून राहते. हे कणांचं गणित कार्ल टेर्झागी या इंजिनिअरनं बसवून दिलं आणि आजही फिल्टर त्याच पायावर ठरतो. जुन्या छोट्या तलावांमधे हा फिल्टर बऱ्याचदा घातलेलाच नसतो, किंवा वाळूच्या नावाखाली जे मिळालं ते घातलेलं असतं.

फिल्टर नसला की काय होतं ते बघा. दहा मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला दहा टन असतो, तो दाब मातीतनं जाताना हळूहळू मरत जातो आणि पाणी कोरड्या बाजूला शांतपणे बाहेर येतं. पण बाहेर पडायच्या जागी त्याचा जोर जास्त राहिला तर ते मातीचा एक कण घेऊन जातं, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. म्हणजे भोक बाहेरून आत, तलावाच्या दिशेनं सरकत जातं, आणि जसजसं ते आत सरकतं तसतसा पाण्याचा मातीतला रस्ता कमी होतो, रस्ता कमी झाला की वेग वाढतो, वेग वाढला की माती आणखी जाते. याला पायपिंग म्हणतात. म्हणूनच गळती वर्षानुवर्षं तशीच दिसते आणि शेवटचं काम काही तासात होतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टेटन नावाचं ९३ मीटर उंच नवंकोरं मातीचं धरण ५ जून १९७६ ला पहिल्यांदा भरत असताना गेलं, सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलेलं होतं.

तर नुसती गळती आहे म्हणून घाबरायचं नाही आणि गळती तर सगळीकडेच असते म्हणून सोडूनही द्यायचं नाही, तिचा रंग बघायचा आणि ती मोजायची. पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून रात्रभर हलवायचं नाही, सकाळी तळाला गाळ बसला असेल तर धरणाची माती बाहेर येतेय. गळतीचा रस्ता एका जागी आणून बादली लावायची आणि मोबाइलवर सेकंद बघायचे, १५ लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली तर गळती सेकंदाला अर्धा लिटर. आता समजा गळती सेकंदाला एक लिटर आहे आणि लिटरमागे फक्त एक ग्रॅम माती येतेय. दिवसाला ८६ हजार ४०० लिटर पाणी, म्हणजे ८६ किलो माती, महिन्याला अडीच टनांच्या वर. एवढी माती भरावाच्या पोटातनं गेलीय आणि वरून धरण जसंच्या तसं दिसतंय.

आकडा एकटा कामाचा नाही, त्याच्याबरोबर तलावाची पाणीपातळी त्याच दिवशी लिहायला लागते. पातळी वाढली की गळती वाढणारच, ते साहजिक आहे. पातळी तीच असून गळती वाढली, किंवा पातळी उतरत असताना वाढली, तर आत काहीतरी बदललंय. आणि चालू असलेली गळती अचानक बंद झाली तर खूश व्हायचं नाही, पाण्यानं दुसरी वाट धरली असेल.

जागाही ठरलेल्या असतात. विमोचकाचा, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या दाराचा, पाइप भरावातनं आरपार जातो आणि पाइपच्या खालच्या पोटाला रोलर पोचत नाही, माती नीट दबत नाही, पाणी पाइपच्या बाहेरून चिकटून वाट काढतं, म्हणून पाइपच्या तोंडाशी, पाइपच्या आतनं नाही तर बाजूनं पाणी येतंय का ते आधी बघायचं. दुसरं म्हणजे आपली काळी माती, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तशाच त्या भरावाच्या माथ्यावरही पडतात, जर वर मुरमाचा पुरेसा थर नसेल तर, आणि एकाच पावसात तलाव भरला की पाणी त्या भेगांपर्यंत पोचतं. काही मात्या तर पाण्यात स्वतःहूनच विरघळल्यासारख्या पसरतात, त्यात सोडियम जास्त असतं. वाटाण्याएवढं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात न हलवता ठेवा, दहा पंधरा मिनिटात त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती धरणाला धोक्याची. घुशीची बिळं, खेकड्यांची बिळं हे खरंच असतं, पण नीट दाबलेला जाड भराव आणि फिल्टर असेल तर बिळांनी धरण जात नाही, आधीच कमजोर झालेल्या भरावाला ती शेवटचा धक्का देतात. वेड्या बाभळीचं तसंच, झाड मेलं की मुळं कुजतात आणि मातीत पोकळ नळ्या राहतात. बाभूळ लहान असतानाच काढायला हवी.

जगभरात फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांचा अभ्यास झालाय त्यात जवळपास निम्मी अशी आतून झिजून गेली आणि साधारण तेवढीच वरून पाणी गेल्यामुळे. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमधे मच्छू-२ धरणाच्या मातीच्या बाजू पाणी वरून गेल्यामुळेच वाहून गेल्या आणि मोरबी बुडालं. आपल्याकडे सांडव्यावर पोती रचून, कधी तर बांधकाम करून एक फूट पाणी जास्त अडवतात, मासेमारीची जाळी लावतात, त्यात काटेकुटे अडकतात. लोकांची गरज खरी आहे, उन्हाळ्यात तेच पाणी लागतं, पण मोठ्या पुरात पाणी सुरक्षित बाहेर काढायला मातीच्या धरणाला सांडव्याशिवाय दुसरी वाट नाही, ती अडली की पाणी भरावावरनं जातं आणि माती तासा दोन तासात कापली जाते.

गढूळ गळती दिसली की लोक पहिलं काय करतात तर बाहेरून मातीची पोती टाकून भोक बुजवतात. हे करू नका. पाणी आत कोंडतं आणि भराव शेजारनं फुटतो. बाहेरच्या बाजूला आधी जाडी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असं वजन ठेवायचं, म्हणजे पाणी येत राहील पण माती थांबेल. बुजवायचं तर पाण्याकडच्या बाजूनं, तेही भोवरा कुठे दिसतोय ते कळलं तर, आणि कोणी पाण्यात उतरायचं नाही. विमोचक उघडून पातळी खाली आणायची. आणि हे सगळं चालू असताना खालची वस्ती आधी हलवायची, नंतर नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना. त्याखालचे गावतलाव, पाझर तलाव त्यात येतच नाहीत. १०० हेक्टरपर्यंतचे सिंचन तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, एकेका शाखा अभियंत्याकडे किती तलाव येतात ते ज्याचं त्याला माहीत, तो रोज कुठे कुठे फिरणार. म्हणून गळतीच्या नोंदीची वही गावातच पाहिजे, ज्याचं शेत पायथ्याला आहे त्याच्याकडे. तारीख, पातळी, बादली भरायचे सेकंद, पाण्याचा रंग, बस. जून ते ऑक्टोबर आठवड्याला एकदा, तलाव भरत असताना रोज, आणि पानाचा फोटो ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि शाखा अभियंत्याला. तोंडी तक्रार हवेत विरते, तारीखवार आकडे असले की सांगितलंच नव्हतं असं कोणाला म्हणता येत नाही.