रस्त्यांच्या झिजेचे प्रतिमान

डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता किती वर्षांत आणि कोणत्या वेगाने खराब होत जाईल, याचा आकडेमोडीने बांधलेला अंदाज म्हणजे झिजेचे प्रतिमान. यंदा कोणत्या रस्त्यावर नवा थर टाकायचा आणि कोणता नुसत्या सीलकोटवर, म्हणजे डांबराच्या पातळ लेपावर, आणखी काही वर्षे निभावून नेता येईल, हे ठरवायला ते वापरतात.

त्यासाठी आधी रस्त्याच्या अवस्थेला आकडा द्यावा लागतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७० च्या दशकात तयार केलेल्या ‘पीसीआय’ (रस्त्याच्या अवस्थेचा निर्देशांक) पद्धतीत निर्दोष रस्त्याला १०० गुण असतात. भेगा, चाकोऱ्या, खड्डे यांची तीव्रता आणि व्याप पाहून त्यांतून गुण वजा होतात. ‘आयआरआय’ (आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक) हे दुसरे मोजमाप १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगातून आले. ते खडबडीतपणा मीटर प्रतिकिलोमीटरमध्ये सांगते.

या शास्त्राचा पाया अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या ‘आशो’ (अमेरिकी राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता-चाचणीत घातला गेला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालक भरलेले ट्रक सतत फिरवत होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा : आसावरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर नुकसान सोळापट. भारतात २०१८ साली चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ जेमतेम १३ टक्क्यांची, पण या नियमाने पूर्ण भरलेल्या आसामागे नुकसान सुमारे १.६ पट होते.

मात्र ती चाचणी दोनच वर्षांची आणि एकाच हवामानातली. कोकणातला पाऊस त्या समीकरणांत शोधूनही सापडणार नाही. आपल्याकडे खरा घात पाणी करते. डांबर वर्षानुवर्षे उन्हाने कडक होते, केसासारखी भेग पडते, तिच्यातून पाणी खाली मुरते, खडी-मुरमाचा थर भिजून मऊ होतो आणि वरून चाक गेले की बारीक माती पाण्याबरोबर भेगेतून वर फेकली जाते. थराखाली पोकळी झाली की जाळीदार भेगांतला एकेक तुकडा निखळतो. म्हणूनच पुष्कळ रस्त्यांचा आलेख आधी सावकाश उतरतो आणि मग एकदम कोसळतो. गटार तुंबलेले असेल किंवा साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर उत्तम डांबरही फार काळ तग धरत नाही.

प्रतिमानांची ठोकळमानाने दोन घराणी आहेत. पहिले निश्चयात्मक : वय, वाहतूक, थरांची जाडी घाला, ठरावीक उत्तर मिळते. जागतिक बँकेच्या पुढाकाराने घडलेले ‘एचडीएम-४’ हे महामार्ग-नियोजनाचे संगणकी साधन याच प्रकारचे. त्याचे गुणक स्थानिक मोजमापांशी जुळवून घ्यावे लागतात. ते न जुळवता परदेशी गुणक तसेच वापरले, तर अहवाल देखणा होतो, एवढेच.

दुसरे संभाव्यतेचे. अ‍ॅरिझोना राज्याने १९८० च्या सुमारास मार्कोव्ह साखळीवर, म्हणजे आजच्या अवस्थेवरूनच पुढच्या अवस्थेची शक्यता काढणाऱ्या गणितावर, आपली देखभाल-व्यवस्था उभारली. समजा, ‘चांगल्या’ अवस्थेतला रस्ता वर्षभरात तसाच राहण्याची शक्यता ०.८ आहे, मग दुरुस्ती न करता पाच वर्षांनी असे सुमारे ३३ टक्केच रस्ते ‘चांगले’ उरतील. कोणते, ते हे गणित सांगत नाही. १९७० च्या दशकात बांधलेला पुण्याचा जंगली महाराज रस्ता दशकानुदशके खड्ड्यांविना टिकला, याने सरासरी खोटी ठरत नाही. या पद्धतीची खरी उणीव वेगळी आहे : तिला इतिहास आठवत नाही. तीन वर्षांचा आणि बारा वर्षांचा रस्ता आज सारखेच दिसत असतील, तर ती दोघांचे भविष्य एकच मानते.

शिवाय आकडेवारीत एक फसवणूक असते. वाईट झालेले रस्ते दुरुस्त होऊन ‘नवे’ म्हणून नोंदले जातात आणि जुन्यांच्या यादीत चिवट तेवढेच उरतात. त्यांवरून काढलेला वक्र आशावादी निघतो. जलवाहिनी किंवा केबलसाठी झालेल्या खोदाईची नोंद तर बहुधा रस्त्याच्या वहीत नसतेच, त्यामुळे एका रात्रीत घसरलेले गुणही वय आणि वाहतुकीच्या खात्यावर टाकले जातात.