जुनी परदेशी गाडी मुंबईच्याच बंदरात का? तपासणीच्या अटींची पार्श्वभूमी

परदेशात वापरलेली मोटार भारतात आणायची, तर ती मुंबईच्याच बंदरात उतरवावी लागते. नव्या गाड्यांना न्हावा शेवा, चेन्नई आणि कोलकाता होतेच, पुढे एन्नोर, कोची, मुंद्रा, पिपावाव अशी बंदरे मिळत गेली. जुन्या गाडीला मात्र समोरच्या किनाऱ्यावरचे न्हावा शेवाही चालत नाही. ही अट आणि तिच्या जोडीच्या सुरक्षिततेच्या अटी कुठून आल्या, याचे उत्तर १ एप्रिल २००१ या तारखेत आहे.

त्याआधीचे थोडक्यात. १९२८ मध्ये एका अमेरिकी कंपनीने शिवडीला बोटीने आलेल्या सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात केली. तेव्हा मुंबईत धावणारी प्रत्येक मोटार परदेशीच असल्यामुळे परदेशी गाडीसाठी वेगळी तपासणी असण्याचे कारण नव्हते. १९५३ नंतर चित्र पालटले. देशात उत्पादन करण्याची तयारी नसलेल्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि आयात परवान्याखाली गेली. वकिलातींच्या जुन्या गाड्या सरकारी महामंडळामार्फत टेंडरने विकल्या जात, आणि कायमचे परतणारे लोक ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’खाली एखादी गाडी आणत. सुरक्षिततेची तपासणी म्हणजे आरटीओतले पासिंग: ब्रेक, दिवे, हॉर्न आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा. गाडी देशात येणार की नाही हे परवान्यावर ठरायचे. ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, हे मागाहून बघितले जायचे.

परवान्याची ही भिंत जागतिक व्यापार संघटनेतल्या वादात पडली. अमेरिकेने भारताच्या आयातबंधनांविरुद्ध तक्रार केली आणि १९९९ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. १ एप्रिल २००० रोजी ७१४ वस्तूंवरची बंधने उठली आणि वर्षभराने उरलेल्या ७१५ वस्तूंवरची. या दुसऱ्या यादीत मोटारी होत्या. जपानमधल्या स्वस्त जुन्या गाड्यांचा लोंढा येईल आणि इथले कारखाने बसतील, ही भीती त्या काळात उघडपणे मांडली जात होती. तिच्यावरचा पहिला उपाय २००१ च्या अर्थसंकल्पात आला: जुन्या गाड्यांवरचे मूळ सीमाशुल्क १०५ टक्के, इतर कर धरून एकूण बोजा सुमारे १८० टक्के. दुसरा उपाय आयात धोरणातल्या अटींचा. मुंबई बंदराची अटही त्यातलीच. आजही लोकांना अडवतो तो हाच.

गाडी बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. स्टिअरिंग उजवीकडे असावे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा असावा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा असावा. आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्याजोगी राहील, असे घोषणापत्र चाचणी संस्थेच्या दाखल्यासह द्यावे, आणि तेवढा काळ देशात तिच्या सर्व्हिसिंगची सोय असावी. बोटीवर चढण्याआधी परदेशात एक चाचणी, मुंबईत उतरल्यावर, कस्टम्सने मोकळी करण्याआधी, दुसरी. दुसरी चाचणी करणाऱ्या संस्था पुण्यात, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) आणि मध्य प्रदेशात बुधनीला. म्हणजे बंदर मुंबईचे, पण चाचणीसाठी गाडी घाट चढून वर न्यायची.

यातली हेडलाइटची अट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती निव्वळ कागदी नाही. डिपर मारल्यावर हेडलाइटचा झोत सरळ आडवा पडत नाही, एका बाजूला थोडा वर उचललेला असतो. कडेने चालणारा माणूस आणि रस्त्याची कड दिसावी म्हणून ही रचना असते. आपल्याकडे ही उचललेली बाजू डावी हवी. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशातली गाडी तशीच आणली, तर तिचा झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. रात्री घाटात हे जीवघेणे ठरते. ही अट कोणीही घातली असती आणि ती योग्यच आहे.

तीन वर्षांच्या अटीबद्दल मला असे म्हणता येत नाही. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी येते. ती खर्चिक असते, म्हणून बरेच मालक त्या सुमारास गाडी विकायला काढतात. जपानचे स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, मीटर किलोमीटरचा, म्हणजे तिथली गाडी आपल्या बाकीच्या अटींत सहज बसते. नेमकी ती बाजारात येते तेव्हा आपल्या वयाच्या अटीबाहेर गेलेली असते. श्रीलंकेत आणि पाकिस्तानात जपानी जुन्या गाड्या सर्रास दिसतात, आपल्याकडे नाहीत, यामागे कराबरोबर या वयोमर्यादेचाही हात असावा.

डाव्या स्टिअरिंगच्या बंदीचा फटका वेगळ्या लोकांना बसला. आखाती देशांत वाहतूक उजवीकडून चालते. रत्नागिरी, रायगडमधून तिकडे गेलेल्या आणि आयुष्याची कमाई घेऊन मुंबईमार्गे परतणाऱ्या माणसाला आपली गाडी आणण्याचा मार्ग उरला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२० मात्र डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला सरसकट मनाई करत नाही. वळण्याचा इशारा देणारे चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेवरचे साधन असावे, एवढीच त्याची मागणी आहे. कार्नेटवर, म्हणजे गाडी तात्पुरती आणण्याच्या कागदपत्रांवर, युरोपातून येणारे पर्यटक याच आधारे डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या मुंबईत फिरवतात. रस्त्याच्या कायद्याने जे सशर्त चालवून घेतले, ते व्यापाराच्या धोरणाने बंद केले. त्यामुळे या अटींचा उगम केवळ सुरक्षिततेत होता, हे मान्य करणे कठीण जाते.

आणखी एक गोष्ट याच अंगाने जाते. युरोपात नव्या मॉडेलच्या गाड्यांना समोरून आणि बाजूने धडकेची चाचणी १९९८ पासून सक्तीची होती. भारतात तशी सक्ती नव्या मॉडेलसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली आणि सगळ्या नव्या गाड्यांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये. मधल्या काळात, २०१४ च्या सुरुवातीला, एका परदेशी संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. परदेशी जुन्या गाडीचा काटा आणि दिवा तपासणारी व्यवस्था देशात बनलेल्या गाडीतला माणूस धडकेत वाचेल का, हे इतकी वर्षे विचारत नव्हती. ही उणीव मोठी होती आणि तिची किंमत प्रवाशांनी मोजली.

गेल्या काही वर्षांत नव्या गाड्यांची वाट रुंदावली आहे. २००७ मध्ये अमेरिकेत भारतीय आंब्याला परवानगी मिळाली. त्याच सुमारास, याच व्यापारी देवाणघेवाणीत, ८०० सीसी आणि त्यावरच्या मोटारसायकलींची आयात इथे सोपी झाली. सप्टेंबर २०१८ पासून युरोप किंवा जपानची मानके पाळणाऱ्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत इथल्या संपूर्ण चाचणीशिवाय आणता येतात. ही सवलत बनवणाऱ्या कंपनीसाठी किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी आहे, एकट्या माणसाच्या जुन्या गाडीसाठी नाही. त्या गाडीवर उलट १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या धुराच्या प्रदूषणाच्या मानकांची भर पडली.

वाट इतकी अरुंद असली की आडवाटा निघतात. वापरलेली महागडी गाडी नवी म्हणून दाखवणे, चेसिस नंबर खरवडून दुसरा ठोकणे असे प्रकार महसूल तपासात वारंवार सापडले. जुलै २०२१ मध्ये परदेशी वकिलातींतल्या लोकांच्या नावावर मुंबई बंदरातून आलिशान गाड्या आणून शुल्क बुडवल्याचे प्रकरण उघडकीस आले. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात जप्त झालेल्या गाड्या भूतानमधून जमिनीच्या वाटेने आल्याचा आरोप होता. तसे झाले असेल तर बंदर आणि दोन चाचण्या, सगळेच टळले. अशी गाडी तिसऱ्या हाताने घेणारा बहुतेकदा अनभिज्ञ असतो आणि जप्ती त्याच्याच दारात येते. त्यामुळे मुंबईत वापरलेली आयात गाडी घेताना आरसी बुकाबरोबर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे दाखल केलेला आयातीचा कागद) आणि बंदरात उतरल्यानंतरच्या चाचणीचा दाखला मागावा, आणि दोन्हींवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा.