पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा हट्ट

उघड्यावरच्या जुन्या संगमरवरी शिल्पाला हात लावण्याआधी आजचे संवर्धक महिनोन्‌महिने नुसतं निरखतात, मोजमापं घेतात, फोटो काढतात. बाहेरच्याला हा वेळकाढूपणा वाटतो. पण गेल्या दोन शतकांत या शिल्पांचं बरंचसं नुकसान साफसफाई करणाऱ्यांच्या हातून झालं आहे, आणि ते ही मंडळी विसरलेली नाहीत.

मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ 1504 साली फ्लॉरेन्सच्या चौकात उभा राहिला. पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षं त्याने ऊन-पाऊस सोसला. 1843 मध्ये आरिस्तोदेमो कोस्तोली या शिल्पकाराने तो स्वच्छ करायला घेतला आणि चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की फसफसून विरघळणारच. मळ निघाला, त्याच्यासोबत दगडाचा वरचा थरही निघाला. असा खरबरीत झालेला दगड पुढची धूळ आणि पाणी अधिकच धरून ठेवतो. 1873 मध्ये पुतळा आत हलवावा लागला. 1910 पासून चौकात उभी आहे ती त्याची प्रतिकृती.

दोष एकट्या कोस्तोलीचा नाही. संगमरवर म्हणजे पांढराशुभ्र, अशी त्या काळची ठाम समजूत होती. प्राचीन ग्रीक शिल्पं मुळात रंगवलेली असत, तरी हा हट्ट सुटला नाही. अगदी 1937-38 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या अथेन्सच्या प्राचीन मंदिराची शिल्पं उजळ दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. त्यात शतकानुशतकांची मधाळ झाक कायमची गेली.

दरम्यान शहरांची हवाच बदलली होती. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याच्या संगतीने संगमरवराचं जिप्सम या मऊ खनिजात रूपांतर करतो. जिप्सम पाण्यात संगमरवरापेक्षा कितीतरी अधिक विरघळतो. जिथे पाऊस थेट झोडपतो तिथून तो वाहून जातो. हनुवटीखाली, वस्त्राच्या चुण्यांत तो काजळी धरून काळं कवच बनतो. पाहणाऱ्याची फसगत इथेच होते. काळा भाग बिघडलेला आणि पांढरा भाग धडधाकट वाटतो, प्रत्यक्षात दर पावसात झिजत असतो तो पांढरा भाग. काळ्या कवचाखाली मात्र छिन्नीच्या खुणा जिप्समच्या थरात अनेकदा शाबूत असतात. कवच ओरबाडून काढलं तर त्याही जातात.

प्रदूषण नसतं तरी संगमरवर सुखात राहिला नसता. तापल्यावर त्यातले कॅल्साइटचे स्फटिक एका दिशेने फुगतात, तर आडव्या दिशेने किंचित आकसतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने कणांची पकड सुटते आणि पृष्ठभाग बोट लावताच साखरेसारखा भुरभुरतो.

सांधे जोडण्याची गोष्टही अशीच. प्राचीन ग्रीक कारागीर लोखंडी कड्यांभोवती शिसं ओतत, त्यामुळे गंज रोखला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, निकोलाओस बालानोस या अभियंत्याने दुरुस्ती करताना उघडं लोखंड वापरलं. ते गंजून फुगलं आणि दगडाला चिरा गेल्या. 1975 नंतर सुरू झालेल्या कामात ते काढून टायटॅनियम बसवण्यात आलं.

लेसरची कथा थोडी गमतीची आहे. जॉन अॅस्मस हे भौतिकशास्त्रज्ञ 1972 मध्ये व्हेनिसला गेले ते शिल्पांच्या होलोग्राफीसाठी, म्हणजे लेसरने त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा टिपण्यासाठी. तिथे त्यांनी लेसरने काळं कवच उडवून पाहिलं. गडद कवच प्रकाश शोषून उडून जातं आणि खालचा पांढरा दगड तो बराचसा परतवतो. पुढे अॅक्रोपोलिसवरच्या स्त्रीरूप खांबांसाठी, म्हणजे कॅरिअॅटिडसाठी, अवरक्त आणि अतिनील किरण एकत्र वापरले गेले. दगड पिवळट पडू नये म्हणून ही जोडी. हे खांब मात्र 1979 पासूनच संग्रहालयात आहेत. उघड्यावर त्यांच्या जागी प्रतिकृती आहेत.

मतभेद अजून मिटलेले नाहीत. 2003 मध्ये ‘डेव्हिड’ पुन्हा स्वच्छ करायचं ठरलं, तेव्हा कोरडे मऊ ब्रश वापरायचे की शुद्ध पाण्याचे लेप द्यायचे यावरून वाद पेटला आणि नेमलेल्या संवर्धकाने काम सोडलं. अखेर लेपच दिले गेले.