नेमणूक मिळाली, पायऱ्या मात्र तशाच

केंद्र सरकारने नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ३ टक्के जागा राखल्या त्या १९७७ मध्ये, त्याही फक्त क आणि ड गटांत. म्हणजे कारकून, शिपाई वगैरे. दालनात बसणारे साहेबच कुबड्या घेऊन येतील, हे कोणाच्या हिशेबातच नव्हतं. इमारतीही त्याच हिशेबाने बांधल्या गेल्या: उंच जोतं, दारात पायऱ्या, वरिष्ठांची दालनं वरच्या मजल्यावर.

१९९५ च्या दिव्यांग व्यक्ती कायद्याने अ आणि ब या अधिकाऱ्यांच्या गटांतली ठरावीक पदंही खुली केली. त्याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये सार्वजनिक इमारतींना रॅम्प, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा हे सगळं होतं. पण त्याला शेपूट जोडलेलं होतं: आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून. निधी नाही म्हणायला खात्यांना एवढं पुरेसं होतं.

जे रॅम्प झाले, त्यातलेही बरेच नावापुरते. उतार साधारण एकास बारा हवा. तीन पायऱ्यांचं, दीड फुटाचं जोतं असेल तर रॅम्प अठरा फूट लांब होतो. एवढी जागा कोण सोडणार? मग सहा-सात फुटांत काम उरकतं. त्यावरून मोटारसायकल झकास चढते, व्हीलचेअर मागे कलंडते. तपासणीच्या तक्त्यात मात्र ‘रॅम्प: आहे’.

२००७ मध्ये भारताने दिव्यांग हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, ३ डिसेंबर २०१५ ला सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं. अभियानाच्या मुदती पुढे पुढे सरकत गेल्या, हे सांगायला नकोच. खरा फरक पडला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. आरक्षण ४ टक्के झालं, ते शेपूट गेलं आणि कलम २० ने दिव्यांग कर्मचाऱ्याला अडथळामुक्त वातावरण देणं सरकारी आस्थापनेवर बंधनकारक केलं. जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून ५ वर्षं दिली होती. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

तोवर अधिकारीही बदलले होते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, दृष्टिहीन, २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. दृष्टिहीन अधिकाऱ्याला नुसत्या रॅम्पचा काय उपयोग? त्याला मजला बोलून सांगणारी लिफ्ट हवी, आणि फाइलही स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येईल अशी. शिक्का मारून तिरपं स्कॅन केलेलं पान त्या सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं चित्र असतं.

दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांनी सार्वजनिक जागा सुलभ व्हाव्यात म्हणून २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला २०१६ च्या कायद्याच्या नियमांतली मेख दाखवली. कायदा सक्तीचा, पण सुलभतेच्या मानकांचा नियम क्रमांक १५ ज्या मार्गदर्शक तत्त्वांवर बेतला होता ती केवळ शिफारशीवजा. न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, सक्तीची मानकं तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं आणि ती न पाळणाऱ्या इमारतींचा पूर्णत्वाचा दाखला रोखण्याची, दंड करण्याची तरतूद अमलात आणायचा आदेश दिला.